कूटच्या साहेबांस, मुळशीहून

मु. पो. पौड, ता. मुळशी, जि. पुणे

श्री. रा. रा. मेजर जनरल सर चार्ल्स टाउनशेंडसाहेब बहादूर, के. सी. बी., यांसी,

सा. न. वि. वि.

आपण 1924 च्या मे महिन्यात पॅरिसला वारलात, त्यामुळे हे पत्र पोचवायचं कसं, हा प्रश्न पोस्टखात्यावर सोडून देतो. उत्तराची घाई नाही. आपल्या हाताखालच्या शिपायांनी तरी कुठे घाई केली? ‘साहेब गेलेत, वर खटपट करतायत’ या भरवशावर ते अडीच वर्षं थांबले. जे तेवढे जगले ते.

आजच्या वाचकांना आपली ओळख करून देणं भाग आहे. रागावू नका. मुळशीत सध्या ‘टाउनशेंड’ म्हटलं की लोक विचारतील, स्कीम कुठल्या बिल्डरची आणि टू बीएचके केवढ्याला? तर मंडळी, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, हिंदुस्थानातून जी सहावी डिव्हिजन गेली तिचं नाव पुणे डिव्हिजन. तिच्यात 103 वी, 110 वी आणि 117 वी अशा तीन मराठा पलटणी होत्या, घाटावरच्या आणि कोकणातल्या पोरांच्या. एप्रिल 1915 पासून या डिव्हिजनचे कारभारी हे टाउनशेंडसाहेब. त्याआधी वीस वर्षं, 1895 मध्ये, चित्रालच्या किल्ल्यात दीड महिना वेढ्यात बसून त्यांनी नाव कमावलं होतं. एकदा वेढ्यात बसल्याने भाग्य उघडलं की माणसाला पुन्हा बसावंसं वाटतं.

पत्राचा विषय मात्र आपली रणनीती नाही. तिच्यावर इंग्रजीत भरपूर लिहून झालंय. मला बोलायचंय ते परमुलखातल्या नोकरीच्या मुदतीबद्दल. कोण किती दिवस घराबाहेर राहिला, कोणाला परतीची बोट कधी मिळाली आणि ते कोणी ठरवलं, एवढाच माझा प्रश्न आहे. फौजेत आजही जवान एकमेकांना भेटले की आधी हेच विचारतात: किती झाले, किती राहिले?

तर हिशेब मांडू. 117 वी पलटण पहिल्या ब्रिगेडबरोबर 6 नोव्हेंबर 1914 ला फाओला उतरली. आपण उगवलात त्यानंतर साडेपाच महिन्यांनी. जूनमध्ये पुराच्या पाण्यातून होड्या हाकत आपण अमारा घेतलंत, सप्टेंबरअखेर कूट घेतलंत, नोव्हेंबरात बगदादच्या उंबऱ्याशी टेसिफोनला डोकं आपटून घेतलंत आणि 3 डिसेंबरला माघारी कूटमध्ये येऊन बसलात. तुर्कांनी वेढा घातला. पुढे जायचा आग्रह वरच्या निक्सनसाहेबांचा होता, आपल्याला तो पटला नव्हता, हे मान्य. तेवढं माप आपल्या पदरात टाकतो. पण कूटमध्ये बसल्यावरचा हिशेब सर्वस्वी आपला.

आपण वर कळवलंत की गोऱ्या शिपायांना महिनाभर पुरेल आणि हिंदी शिपायांना दोन महिने, एवढंच अन्न आहे. ते वाचून सोडवायला निघालेली फौज अर्ध्या तयारीने धावत सुटली. शेख सअदला माणसं पडली, वादीला पडली, हन्नाला पडली. मग जानेवारीच्या शेवटी गावातली घरं धुंडाळल्यावर आपल्याला साक्षात्कार झाला की अन्न एप्रिलपर्यंत जातंय! आपल्याला सोडवायच्या सगळ्या प्रयत्नांत मिळून सुमारे 23,000 माणसं मेली किंवा जखमी झाली. शरण गेली ती तेरा हजारांच्या घरात. सोडवणारे जास्त आणि सोडवायचे कमी, असा हा व्यवहार. किराणा दुकानदारसुद्धा दिवाळीआधी कोठारात डोकावून बघतो हो.

मराठा शिपायाला घोड्याचं मांस गिळेना. आपण हिंदुस्थानातून धर्ममार्तंडांची परवानगी मागवलीत, तरी गिळेना. शेवटी एप्रिलमध्ये आपण बजावलंत की खाणार नाहीत त्यांच्या जागी खाणाऱ्यांना बढत्या मिळतील. बढती हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा, हे ठाऊक आहे. बाहेरच्या फौजेतल्या गॉरिंजला वरचा हुद्दा मिळाल्याचं कळलं, तेव्हा वेढ्यात बसूनसुद्धा बिनतारी यंत्रावरून आपण स्वतःसाठी लेफ्टनंट जनरलपद मागितलंत. घोडा न खाता.

29 एप्रिल 1916. शरणागती. आता इथून मुदतीचा खरा खेळ सुरू होतो, जरा नीट बसा.

आपण आधी तुर्कांना पैसे देऊन बघितलेत. लंडनने दोन दशलक्ष पौंडांपर्यंत तयारी दाखवली, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’सारखी माणसं बोलणी करायला आली. जमलं नाही. सुमारे अकराशे आजारी आणि जखमींची अदलाबदल झाली, तेवढी माणसं सुटली. बाकीच्यांना आपण सांगितलंत की मी कॉन्स्टँटिनोपलला जातो आणि तुमच्या सुटकेचं बघतो. मग आपण गेलात. आपल्याबरोबर आपले अधिकारी, आपला आचारी, आपले सेवक. वाटेत मेजवान्या. जूनच्या सुरुवातीला राजधानीत स्वागत, आणि मग मार्माराच्या समुद्रातल्या बेटावर बंगला. आमच्याकडे लवासात लोकांनी यासाठी कर्जं काढली. 1917 मध्ये, कैदेत असतानाच, आपल्याला ‘सर’ करण्यात आलं.

शिपाई चालत निघाले. कूटपासून बगदाद दीडशे किलोमीटरच्या पुढे, तिथून मोसूल, तिथून रास अल-ऐन आणि तिकडे आनातोलियात रेल्वेची कामं, बोगदे. मे महिन्यातलं इराकचं ऊन, पाच महिने उपाशी राहिलेली शरीरं, बूट कुठे विकलेले तर कुठे हिसकावलेले. सुमारे 2,600 गोऱ्या शिपायांपैकी सतराशेंहून अधिक परतलेच नाहीत. हिंदी शिपाई आणि पलटणीबरोबरचे भिस्ती, आचारी, खेचरवाले मिळून तीन हजारांच्या आसपास मेले किंवा त्यांचा ठावठिकाणा लागला नाही. म्हणजे ‘गोऱ्यांना एक न्याय आणि काळ्यांना एक’ एवढ्या सोप्या रागावर मी हे पत्र निभावून नेऊ शकत नाही, ही माझी अडचण. गोरा शिपाई तर प्रमाणाने जास्तच मेला. रेघ ओढली होती ती हुद्द्याच्या खाली. रेघेच्या वर असलेल्यांना बेट, खाली असलेल्यांना बोगदा.

या सगळ्यात एकच जीव असा होता की ज्याची परदेशातली मुदत वेळेत आणि सन्मानाने संपली. आपला कुत्रा. स्पॉट. तुर्की सेनापती खलील पाशाने आपल्या विनंतीवरून त्याला ब्रिटिशांच्या हद्दीत सुखरूप पोचतं केलं आणि पुढे तो इंग्लंडला गेला. मला स्पॉटबद्दल काडीचा राग नाही. त्याने वेढा काढला होता, सुटीवर त्याचा हक्क होता. मला कौतुक वाटतं ते त्या फाईलचं. शत्रूच्या सेनापतीकडून, तोफा जेमतेम थंडावल्या असताना, एका कुत्र्याची रवानगी मंजूर करून घेणं ही सोपी गोष्ट नाही. त्याला शब्द लागतात, चिकाटी लागते, समोरच्याशी बरे संबंध लागतात. ते सगळं आपल्यापाशी होतं, हे सिद्ध झालं.

आपल्या कैद्यांत शिशिर सर्वाधिकारी नावाचा एक बंगाली तरुण होता, रुग्णसेवा पथकातला. त्याने लपूनछपून टिपणं काढली आणि पानं फाडून बुटात दडवून चालत राहिला. त्यातून पुढे ‘अभि ले बाग्दाद’ हे बंगाली पुस्तक झालं. आपलंही पुस्तक आलं, 1920 मध्ये, ‘माय कॅम्पेन इन मेसोपोटेमिया’. आपल्याला पानं बुटात ठेवायची वेळ आली नाही. त्याच वर्षी आपण रेकिन मतदारसंघातून पोटनिवडणूक जिंकून खासदारही झालात. आपली मुदत संपली होती ती आधीच, ऑक्टोबर 1918 मध्ये, मुद्रोसच्या युद्धविरामाच्या वेळी. तुर्कांनीच आपल्याला निरोप्या म्हणून सोडलं. पलटणीतले उरलेसुरले नंतर, बोटी मिळतील तसे. 1914 च्या नोव्हेंबरात फाओच्या चिखलात उतरलेला जो शिपाई जगला, त्याची घराबाहेर चार वर्षं पुरी होऊन वर काही महिने झाले होते.

परत येऊन त्याला काय मिळालं? 117 व्या पलटणीला 1921 मध्ये ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. गावाला दगडी पाटी मिळाली. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ती अजून दिसते, चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत बसवलेली: या गावातून इतके इसम महायुद्धास गेले, 1914 ते 1919, पैकी इतके कामी आले. अशाच एका पाटीवर भिंतीबरोबर ऑइल पेंटचा हात फिरलाय. अक्षरांच्या खाचा पोपटी रंगाने भरून गेल्यात आणि मेलेल्यांचा आकडा बोटाने चाचपून वाचावा लागतो. गेलेले किती, मेलेले किती, बस्स. किती महिने होते, एकदा तरी घरी येऊन गेले का, ही नोंद करायला दगडात जागा भरपूर होती. कोणाला सुचलं नाही.

आणि मुळशी? 1921 च्या एप्रिलमध्ये, रामनवमीला, आमच्या खोऱ्यात सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या वीजधरणाखाली पन्नासच्या वर गावं जायची होती. जमीन घ्यायला सरकारने आपला भूसंपादनाचा कायदा हाताशी दिला होता. सेनापती बापट, भुस्कुटे वगैरे मंडळी तुरुंगात गेली, 1924 पर्यंत लढा चालला, पाणी चढायचं तसं चढलं. त्याच 1921 च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स पुण्यात येऊन शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला बसवून गेले. इकडे मावळ्यांच्या राजाला कोनशिला, तिकडे मावळ्यांना नोटिसा. ज्या साम्राज्याने ‘लढवय्ये’ म्हणून मराठ्यांची भरती करून घेतली, त्याने मुळशीतल्या माणसाच्या घरची मुदत तेवढी बिनचूक ठरवून दिली.

आपण म्हणाल, शंभर वर्षांपूर्वीचं उकरून काय मिळवलंस? मिळवायचं काही नाही. आपले वारस भेटत राहतात म्हणून आपली आठवण येते.

आपण जिथे अडकलात त्याच मुलखात 2003 नंतर अमेरिकेची फौज बसली होती. एप्रिल 2007 मध्ये त्यांचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी जाहीर केलं की लष्करातल्या सैनिकाची तिथली मुदत बारा महिन्यांवरून पंधरा. जे तिथे आधीच होते त्यांनाही हे लागू. म्हणजे कॅलेंडरवर दिवस खोडत बसलेल्याच्या हातात आणखी तीन पानं. त्याच वेळी मरीन दलाची मुदत सात महिन्यांची होती आणि हवाई दलाची पुष्कळदा चारच. तेच ऊन, तीच धूळ, रस्त्यात पुरलेलं तेच स्फोटक, पण गणवेशाच्या रंगावरून तिकीट वेगळं. मरीनवाल्यांचं म्हणणं असं की आम्ही कमी राहतो पण पुन्हा तिकडे लवकर जातो. त्यात तथ्य आहे. पाणबुडीवरचा माणूस आणि खंदकातला माणूस यांना एकच घड्याळ लावता येत नाही, हे मलाही कळतं. पण मुक्काम मोजताना घरी किती राहायला मिळालं तेही त्याच कागदावर मोजलं पाहिजे. तो कागद लष्करी सैनिकाच्या बायकोच्या बाजूने कधीच लागला नाही. बारा महिन्यांवर परत यायला 2008 उजाडलं.

आणि घरचं? आमच्या मुळशीच्या भोवती फौजच फौज आहे साहेब, आपल्याला करमलं असतं. खडकवासल्याला एनडीए, लोणावळ्याला नौदलाची आयएनएस शिवाजी, लोहगावला हवाई दल, तळेगावला सीआरपीएफचं ग्रुप सेंटर, आणि पुण्यात दक्षिण कमांड. एनडीएत तिन्ही दलांची पोरं एकाच स्क्वाड्रनमध्ये तीन वर्षं एकत्र धावतात, एकत्र मार खातात. बाहेर पडली की कोणी बोटीवर, कोणी हिमनदीवर, कोणी धावपट्टीवर. तिथवर ठीकच. पौडच्या एसटीत मात्र अधूनमधून एक लष्कराचा आणि एक सीआरपीएफचा, असे दोन जवान शेजारी बसतात आणि रजेवर गोष्ट येते. लष्करातल्याला वर्षाला साठ दिवस वार्षिक आणि तीस दिवस किरकोळ रजा. सीआरपीएफवाल्याची किरकोळ रजा वर्षानुवर्षे पंधरा. तो छत्तीसगडमध्ये, नाहीतर काश्मीरमध्ये लष्कराच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो, तरी कागदावर त्याचं खातं वेगळं, मंत्रालय वेगळं. 1 जानेवारी 2004 नंतर भरती झाला असेल तर जुनी पेन्शनही नाही. लष्कर, नौदल, हवाई दल मात्र त्या बदलातून वगळलेलं. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये निकाल दिला की यांनाही ती मिळायला हवी. तो पुढे सर्वोच्च न्यायालयात अडकला. दोघांचं तिकीट पुण्यापर्यंतचं, भाडं सारखं. एसटी महामंडळ दल विचारत नाही.

सियाचीनचा भत्ता ऐकून तर आपल्याला फार समाधान वाटेल. 2017 मध्ये तो वाढला: जवानाला महिना 30,000, अधिकाऱ्याला 42,500. वाढला हे चांगलंच झालं. पण तिथल्या उणे तापमानात अधिकाऱ्याला साडेबारा हजारांची जादा थंडी कुठून वाजते, हे आपल्यासारख्या अनुभवी माणसाने समजावून सांगावं.

मुदतीच्या बाबतीत आमच्याकडे एक सुधारणा नक्की झालीय. आपल्या शिपायाला परतीची तारीख ठाऊक नव्हती. आमच्या अग्निवीराला ती भरतीच्या दिवशीच ठाऊक असते. जून 2022 मध्ये ही योजना आली, तिच्या चर्चेत तिला आधी ‘टूर ऑफ ड्यूटी’ म्हणायचे. चार वर्षं. तिन्ही दलांना एकच माप, कोणी कमी नाही, कोणी जास्त नाही, आम्हाला हवी होती ती समानता हीच! चौघांतला एक राहणार, तिघं सुमारे 11 लाख 71 हजार घेऊन घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. शॉर्ट सर्व्हिस कमिशनच्या अधिकाऱ्याला मात्र दहा वर्षं, वाटल्यास आणखी चार. म्हणजे दलादलांतला भेद मिटवताना रेघ कुठे ओढायची, हे कोणी विसरलेलं नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनवर ड्युटीत गेला. घरच्यांना काय मिळणार आणि काय नाही, याचा वाद त्यानंतर कितीतरी दिवस टीव्हीवर चालला. पोराच्या चार वर्षांतलं पहिलं वर्षसुद्धा पुरं झालं नव्हतं.

माझं मागणं फार मोठं नाही. मुदत सगळ्यांची सारखीच असावी, असा हट्टही नाही. एक माप ठरवा आणि ते साहेबालाही लावा, एवढंच. शिपायाचे महिने वाढवायचे असतील तर वाढवणाऱ्याचेही वाढू द्यात, त्याच तंबूत, त्याच रेशनवर. गेट्ससाहेबांनी त्या पंधरातले तीनच महिने बगदादला काढले असते, तर 2008 उजाडायची वाट बघावी लागली नसती, असं माझं मत आहे. आपल्यालाही बेटावरून महिन्यातून एकदा रास अल-ऐनला नेऊन दाखवायला हवं होतं. आपण खटपट केली असतीत. स्पॉटसाठी केलीच होती.

तिकडे 110 व्या पलटणीतलं कोणी भेटलं, आणि भेटणारच, पुष्कळ जण आहेत, तर त्याला परतीच्या बोटीचं काय झालं ते स्वतः सांगा. तो जे उत्तर देईल ते मावळातल्या मराठीत असेल. दुभाषा मागवू नका, सुरावरून कळेल.

आपला,
पुणे डिव्हिजनच्या मुलखातला एक मुळशीकर